सन्मानासाठी अर्ज

राष्ट्रीय सणाची सकाळ. जिल्ह्याच्या गावी पोलीस कवायत मैदानावर ध्वजवंदन झालेले असते, संचलन आटोपलेले असते, पालकमंत्र्यांचे भाषणही संपत आलेले असते. ऊन चढू लागते आणि शाळकरी मुलांच्या रांगांत चुळबुळ सुरू होते. अशा वेळी निवेदक एक छोटीशी यादी वाचावयास घेतो. गुणवंत खेळाडू, गुणवंत क्रीडा मार्गदर्शक... एकेक नाव पुकारले जाते, एकेक व्यक्ती पायऱ्या चढून येते, प्रमाणपत्र, स्मृतिचिन्ह आणि दहा हजार रुपयांचा धनादेश स्वीकारते, छायाचित्रकाराकडे पाहते आणि दुसऱ्या बाजूने उतरून जाते. पाच-दहा मिनिटांत जिल्हा क्रीडा पुरस्कारांचे वितरण पार पडते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर, ओळीने उभ्या असलेल्या माणसांचे छायाचित्र येते. त्यात मंत्री मधोमध असतात आणि पुरस्काराचे मानकरी कडेला.

या प्रकारात निंदनीय असे काही नाही. रक्कम मोठी नाही, हा आक्षेपही गौण आहे. सन्मानाचे मोल धनादेशावरच्या आकड्याने ठरत नाही, हे शाल-श्रीफळाच्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्राला सांगावयास नको. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. निवेदकाच्या हातातील त्या यादीत ही नावे पोहोचली कशी? आणि जी पोहोचली नाहीत ती का पोहोचली नाहीत?

उत्तर सोपे आहे. ज्यांनी अर्ज केला त्यांची नावे पोहोचली. पुरस्काराची वेळ जवळ आली की जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचे निवेदन प्रसिद्ध होते: इच्छुकांनी विहित नमुन्यात, आवश्यक त्या कागदपत्रांसह, अमुक दिनांकापर्यंत अर्ज सादर करावेत. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कारही या रीतीस अपवाद नाही. १९६९-७० या वर्षापासून चालत आलेला हा पुरस्कार महाराष्ट्रातील खेळाडूच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रादेशिक मान आहे. पण तो मिळावा म्हणून खेळाडूने आणि त्याच्या मार्गदर्शकाने आपल्या कर्तृत्वाचा पाढा स्वतःच लिहून, त्याला प्रमाणपत्रांच्या प्रती जोडून, तो कार्यालयात नेऊन द्यावयाचा असतो. मराठीत ‘सत्कारमूर्ती’ असा एक सुरेख शब्द आहे. ज्याचा सत्कार करावयाचा त्याच्या घरी चार माणसे जातात, त्याची अनुमती विचारतात, तो आढेवेढे घेतो, शेवटी ‘तुमचा आग्रहच असेल तर’ म्हणून होकार देतो, अशी आपली रीत. अर्ज घेऊन खिडकीपाशी उभा राहिलेला मनुष्य सत्कारमूर्ती नसतो. तो उमेदवार असतो. आणि जो उमेदवारी करावयास संकोचतो, तो कितीही मोठा असला तरी यादीबाहेर राहतो.

हा संकोच कोणाला वाटतो, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासातील सर्वांत ठळक घटनेकडेच वळावे. २३ जुलै १९५२ या दिवशी हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर या गावच्या या मल्लाचे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण त्या पदकामागचा एक व्यवहार तितक्या जणांना ठाऊक नाही. हेलसिंकीला जाण्याच्या खर्चाची तोंडमिळवणी होत नव्हती. गावाने वर्गणी काढली, ओळखीच्या दुकानदारांनी हातभार लावला. तरीही पैसे कमीच पडत होते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार रुपये! एका प्राचार्याने, स्वतःच्या छपराचा तारणादाखल कागद करून, एका माजी विद्यार्थ्याच्या कुस्तीवर लावलेले. परत आल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या उत्पन्नातून आधी गुरुजींचे घर सोडविले.

आता असे समजा की खर्डीकर सरांसारखा मनुष्य आजच्या एखाद्या जिल्ह्यात आहे. त्याने पुरस्कारासाठी अर्ज करावयाचा ठरविल्यास तो कोणत्या प्रवर्गात करील? तो खेळाडू नाही. मार्गदर्शकही नाही, पट कसा काढावा, धोबीपछाड कशी मारावी हे त्याला सांगता यावयाचे नाही. संघटनेचा तो पदाधिकारी नाही. त्याने घडविलेल्या राष्ट्रीय खेळाडूंची वर्षवार यादी त्याच्यापाशी नाही. ‘आवश्यक कागदपत्रे’ म्हणून तो फार तर एकच कागद जोडू शकेल, तो म्हणजे गहाणखत. आणि नियमावली चाळून पाहिली तर गहाणखतास गुण देण्याची सोय तीत आढळणार नाही. पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे. असा मनुष्य अर्जच करणार नाही. आपण केले ते पुरस्कारास पात्र आहे असे त्याच्या मनातही येणार नाही. ज्याच्या मनात ते येते त्याच्या हातून घर गहाण पडत नाही.

खाशाबांचे स्वतःचे काय झाले? लोकांनी आपले काम चोख केले होते. कऱ्हाड स्थानकावर १५१ बैलगाड्या सजवून लोक त्यांच्या स्वागताला गेले, आणि एरवी पाव तासाचा रस्ता कापावयास मिरवणुकीला सात तास लागले, असे सांगतात. लोकांनी अर्ज मागविला नव्हता. शासनदरबारी मात्र सगळे अर्जावर चालले. त्याच ऑलिंपिकच्या निवड चाचणीत आपल्याला डावलले गेले म्हणून खाशाबांना पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागावी लागली होती, तेव्हा कोठे फेरकुस्ती झाली आणि ते संघात आले. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, पोलीस दलात फौजदाराची नोकरी मिळाली. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना नव्वदीच्या दशकात मिळाला आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा म्हणून. म्हणजे दोन्ही मरणोत्तर. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा खाशाबा हयात होते, पस्तिशीत होते, पोलिसांच्या गणवेशात होते. पुढची तेवीस वर्षे त्यांचा पत्ता कोणाला शोधून काढावा लागला असता असे नाही.

हा केवळ जुन्या काळचा ढिसाळपणा होता असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील ते भारताचे पहिले सुवर्ण. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज ऐंशीच्या दशकात नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. आणि जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाल्यानंतर. पदक आणि पुरस्कार यांच्यामध्ये बावन्न वर्षांचे अंतर पडले. त्याच समारंभात गोव्याचे फुटबॉल मार्गदर्शक आर्मांदो कुलासो यांनाही द्रोणाचार्य पुरस्कार जीवनगौरव म्हणूनच मिळाला. धेंपो संघाला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवून दिले, त्यातले शेवटचे २०११-१२ च्या हंगामातले! ‘जीवनगौरव’ हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा उशिराबद्दलच्या दिलगिरीचे सभ्य नाव म्हणून वापरला जातो की काय, अशी शंका येते.

राज्याच्या पातळीवरही वेळापत्रकाची हीच कथा आहे. २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ अशा तीन वर्षांचे शिवछत्रपती पुरस्कार २८ ऑगस्ट २०२३ रोजी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एकाच समारंभात देण्यात आले. मधल्या काळात करोनाची साथ होती हे खरे, आणि त्याच सुमारास पुरस्काराची रक्कम वाढविली गेली हेही नमूद केले पाहिजे. पण शंभरावर मानकऱ्यांना एका सायंकाळी पुरस्कार द्यावयाचे म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती क्षण येणार? खेळाडूचे आयुष्य आखूड असते. कबड्डीपटूची ऐन भराची पाच-सात वर्षे. त्यातील तीन वर्षे पुरस्काराच्या वाटेकडे डोळे लावण्यात गेली तर तो व्यासपीठावर येतो तेव्हा माजी खेळाडू झालेला असतो. ज्या पुरस्काराने शासकीय नोकरीत किंवा पुढच्या प्रशिक्षणात त्याला चार पावले पुढे जाता आले असते, तो घरातील काचेच्या कपाटात जाऊन बसतो.

अर्ज न मागविता पुरस्कार द्या, असे म्हटले की कार्यालयाचे उत्तर तयार असते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. अर्ज नसतील तर निवड कशाच्या आधारे करावयाची? मग वशिला चालेल, मंत्र्याच्या गावचा पहिलवान आणि आमदाराच्या मंडळाचा कार्यकर्ता एवढेच व्यासपीठावर दिसतील. कागद निदान तपासता येतो. शिवाय शासकीय सेवेतील पाच टक्के क्रीडा आरक्षण आणि शालान्त परीक्षांतील सवलतीचे गुण यांच्या मोहाने बनावट क्रीडा प्रमाणपत्रे तयार झाल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आलेली आहेत. जे खेळ फारसे कोणी खेळत नाही त्यांतही विजेत्यांची पैदास झाली. तेव्हा पुरावा मागणे हा अधिकाऱ्याचा छळवाद नव्हे.

हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. पुरावा हवा, याचा अर्थ तो खेळाडूनेच गोळा करून आणला पाहिजे असा कसा होतो? शालेय क्रीडास्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत भरविते कोण? क्रीडा विभागच. निकालपत्रके त्याच्याच दप्तरी जमा होतात, प्रमाणपत्रांवर त्याच्याच अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. ज्या कार्यालयाने प्रमाणपत्र दिले त्याच कार्यालयाला त्याची साक्षांकित प्रत सादर करावयाची, हा प्रकार गमतीचा वाटतो. पण ज्याला त्यासाठी दोन दिवसांची रजा टाकून जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागतात त्याला ती गंमत वाटत नाही. बनावट प्रमाणपत्राला आळा बसावयाचा असेल तर तो कार्यालयाने आपल्याच नोंदवहीशी ते ताडून पाहिल्यानेच बसेल, अर्जदाराच्या साक्षांकनाने नव्हे. आणि वशिल्याबद्दल बोलावयाचे तर, अर्ज मागविल्याने तो थांबला आहे असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? अर्जाने एवढेच होते की वशिला असलेला मनुष्य अर्ज करतो आणि नसलेला करीत नाही.

या नसलेल्या माणसाचा दिनक्रम शिक्षकांना आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना वेगळा सांगावयास नको, कारण तो बहुधा त्यांच्यातलाच एक असतो. तालुक्याच्या शाळेतील शारीरिक शिक्षणाचा शिक्षक घ्या. वेळापत्रकातला त्याचा तास गणिताचा राहिलेला भाग भरून काढण्यासाठी केव्हाही मागून नेला जातो. खो-खोचा संघ घेऊन जिल्ह्याला जावयाचे तर पहाटेची एस. टी. गाठावी लागते. बारा मुलींची संमतिपत्रे, जन्मतारखेचे दाखले, ओळखपत्रे एका पिशवीत. पाण्याची कळशी, केळ्यांचा घड आणि चिकटपट्ट्या दुसऱ्या पिशवीत. एखाद्या मुलीचा बाप ऐनवेळी ‘काढणीचे दिवस आहेत’ म्हणून नाही म्हणतो. त्याच्या ओसरीवर आदल्या रात्री दहापर्यंत बसावे लागते. संघ हरला तर ‘सरांनी फिरवून आणले’. जिंकला तर मुख्याध्यापकांचे अभिनंदन. प्रवासखर्चाचे देयक मार्चअखेरपर्यंत फिरत राहते आणि केळ्यांचा खर्च त्यात धरता येत नाही.

किंवा तो बँकेतला, टपाल खात्यातला, विमा कंपनीतला कारकून घ्या, जो रविवारी पंच असतो. पंच परीक्षा त्याने स्वतःच्या पैशाने दिलेली असते. सकाळी सहाला येऊन फक्कीने रेषा आखणे, खो-खोचे खांब ओळंब्यात आहेत ना ते पाहणे, गुणलेखकाच्या टेबलाला सावली शोधणे, घड्याळे जुळविणे ही कामे तोच करतो; शिट्टी वाजविण्याचे काम त्यानंतर सुरू होते. दिवसभर दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो, मानधन म्हणून मिळालेले शे-दोनशे रुपये मंडळाच्या पेटीत टाकतो आणि सोमवारी साडेदहाला खुर्चीवर हजर असतो. मुंबईत लालबाग-परळच्या गिरण्यांच्या परिसरात कबड्डी वाढली ती अशाच माणसांनी चाळीमागच्या पटांगणावर पाणी मारून, माती चोपून. गिरण्या गेल्या, पटांगणांवर इमारती उभ्या राहिल्या, मातीच्या जागी मॅट आली. ती मॅट वाहून आणणारी, अंथरणारी आणि रात्री गुंडाळून ठेवणारी माणसे मात्र त्याच जातकुळीची राहिली. खेळाडू आणि मार्गदर्शक यांचा मान झाल्यावर शेवटी यांचा विचार होतो, आणि तोही नियमावलीने जागा ठेवली असेल तर. या माणसांच्या कामाचे प्रमाणपत्र कोणी कधी छापलेच नाही. मग ते अर्जाला जोडणार काय?

मार्गदर्शकांच्या बाबतीत आणखी एक अन्याय घडतो, आणि तो नियमांतूनच घडतो. मार्गदर्शकाची योग्यता मोजावयाची ती त्याच्या शिष्यांनी मिळविलेल्या पदकांवरून. पण पदक ज्याच्या नावे जमा होते तो बहुधा शेवटचा गुरू असतो. गावातल्या तालमीत किंवा शाळेच्या मैदानावर बारा वर्षांच्या पोराच्या पायांतली चपळाई ज्याने ओळखली, त्याच्या हातून ते पोर दोन-तीन वर्षांत निघून जाते. प्रबोधिनीत निवड होते, मग पुण्याला, मग राष्ट्रीय शिबिरात. पहिल्या गुरूचे यश म्हणजे शिष्य गमावणे! त्याने शिष्याला धरून ठेवले असते तर त्याच्या अर्जात एखादे राज्यपदक तरी दाखविता आले असते. स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळविले आणि खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूच्या नावे वैयक्तिक ऑलिंपिक पदक लागले. त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी उचित होता. पण राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीहून निघालेल्या मुलाला बालेवाडीच्या मैदानापर्यंत पोहोचविणाऱ्या वाटेवर आणखीही हात होते. त्याचे वडील शाळाशिक्षक. मुलाला क्रीडा प्रबोधिनीत घालण्याचा निर्णय त्यांनी २००९ साली घेतला, तेव्हा पॅरिस कोणाच्या स्वप्नातही नव्हते. रमाकांत आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो शिष्य जगाच्या नजरेत भरल्यावर. शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून ते मुलाला फलंदाजीस उभे करीत होते, त्या वर्षांची दखल त्या वर्षांत कोणी घेतली नव्हती. आचरेकरांना निदान सचिन लाभला. शंभरातील नव्याण्णव गुरूंना तो लाभत नाही, आणि तरीही ते त्याच पहाटे मैदानावर हजर असतात.

सांघिक खेळांची अडचण वेगळीच. पुरस्कार व्यक्तीला द्यावयाचा, आणि खेळ तर संघाचा. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा संपली तेव्हा पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरविले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. मराठी मातीतल्या खेळाला लाभलेला हा क्षण खरोखरच मोठा. पण खो-खो हा कर्णधाराचा खेळ नव्हे. खांबावर झेपावणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. चौकात बसून, नेमक्या क्षणी उठून, नेमका खो देणाऱ्याचे येत नाही. तोच संघ तालुक्यातला असेल तर त्यातील एकीला पुरस्कार देऊन अकराजणींना टाळ्या वाजविण्यास बसविणे, ही कोणती क्रीडावृत्ती? उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळे हिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोसाठी तो बावीस वर्षांनंतर मिळत होता. एक वेळच्या जेवणाची पंचाईत असलेल्या घरातून ती मैदानावर आली होती. तिच्या जिल्ह्याने या खेळात जे मिळविले ते एकटीदुकटीच्या बळावर नव्हे, तर रोज संध्याकाळी तेथल्या मैदानावर धावणाऱ्या मुलींच्या ताफ्याच्या बळावर. जिल्हा पुरस्कारांत व्यक्तीइतकेच संघाला आणि मैदान चालविणाऱ्या मंडळाला स्थान असावयास हरकत नसावी.

याबाबतीत शासनाने फार लांब जावयाचे कारण नाही. कबड्डीवाल्यांकडे पाहिले तरी पुरे. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्यभर कबड्डीचे संघटन केले. खेळाला एक नाव, एक नियमावली आणि आशियाई स्पर्धांत स्थान मिळावे म्हणून ते देशभर फिरले. त्यांचे मोठेपण चढाईत किंवा पकडीत नव्हते, संघटकाच्या चिकाटीत होते. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी जुन्या खेळाडूंचा, पंचांचा, कार्यकर्त्यांचा सत्कार केला जातो. या सत्कारांत भांडणे होत नाहीत असे नाही. संघटना आली की गटबाजी आली. पण मातीत उतरलेल्या माणसांना आपल्यात कोणी काय केले हे पाठ असते. ते सांगण्यासाठी त्यांना विहित नमुना लागत नाही.

तेव्हा जिल्हा पातळीवर आरंभ करावयाचा तर तो अर्जाच्या नमुन्यापासूनच करावा. स्वतःसाठी अर्ज करण्याची तरतूद हवी तर राहू द्या, पण दुसऱ्याचे नाव सुचविण्याचा अधिकार शाळांना, तालीम मंडळांना, ग्रामसभांना, माजी खेळाडूंना द्या. आणि सुचविलेल्या नावाचे कागद जमविण्याची जबाबदारी तालुका क्रीडा अधिकाऱ्यावर टाका. पुरस्कृत खेळाडूने आपल्या पहिल्या गुरूचे नाव लिहून द्यावयाचे आणि त्या गुरूलाही त्याच व्यासपीठावर बोलवावयाचे, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ विसरलेली नावे दप्तरात येतील. निवड समितीत निवृत्त पंच आणि क्रीडाशिक्षक बहुसंख्य असावेत. कोणाची निवड का झाली हे चार ओळींत प्रसिद्ध व्हावे, म्हणजे वशिल्याची चर्चा निदान उघड्यावर होईल.

आणि मानपत्रे लिहावीत. पूर्वी सत्काराच्या वेळी मानपत्र वाचून दाखवीत. त्यातील अलंकारांचा अतिरेक सोडून द्या. पण त्या माणसाने कोणत्या वर्षी कोणते मैदान तयार केले, किती मुले खेळविली, कोणत्या पावसाळ्यात कोणत्या शाळेच्या व्हरांड्यात सराव घेतला, हे त्यात लिहिलेले असे. आजच्या प्रमाणपत्रात नाव, प्रवर्ग आणि वर्ष यांपलीकडे काही नसते. जिल्ह्याच्या कार्यालयाने अशी मानपत्रे लिहवून घेऊन जपून ठेवली तर वीस वर्षांनी त्या जिल्ह्याचा क्रीडा-इतिहास आपोआप तयार होईल. आज तो लिहावयाचा म्हटले तर अभ्यासकाला म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींखेरीज आधार नाही. खर्डीकर सरांनी घर गहाण टाकल्याची गोष्ट तरी आपल्याला का ठाऊक आहे? शिष्य ऑलिंपिकमध्ये जिंकला म्हणून. तो चौथा आला असता तर गहाणखत तेवढेच खरे राहिले असते आणि गोष्ट कोणाला कळली नसती.

राज्य शासनाने खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळावयाचे ठरविले आणि २०२४ पासून तो साजरा होऊ लागला, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याच खाशाबांच्या गोळेश्वरात कुस्ती संकुल उभे राहावे म्हणून २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांना पदक लिलावात काढण्याची भाषा बोलावी लागली होती, हेही विसरता येत नाही. जिल्हा पुरस्कार या क्रीडा दिनी द्यावेत. कवायत मैदानावर, संचलन आणि अल्पोपाहार यांच्या मधल्या फटीत नव्हे, तर ज्या तालुक्याचा मानकरी असेल त्या तालुक्याच्या मैदानावर. जानेवारीत महाराष्ट्रात कोठे ना कोठे सामने चालू असतातच. मानकऱ्याला मध्यरेषेवर उभे करावे, त्याचे मानपत्र त्याच्याच एखाद्या विद्यार्थ्याने वाचावे, मंत्री आले तर त्यांनी प्रेक्षकांत बसून ऐकावे. या सगळ्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही, आणि सामन्याची शिट्टी ठरलेल्या वेळीच वाजू शकेल.